वसंतसेनेचा हिशेब



दशलक्षण पर्वातल्या स्वाध्यायात सप्तव्यसनांचा विषय दरवर्षी येतो. जुगार, मांस, मद्य, वेश्या, शिकार, चोरी आणि परस्त्री. प्रत्येक व्यसनापुढे एकेक नाव ठरलेले असते. जुगारापुढे युधिष्ठिर, परस्त्रीपुढे रावण आणि वेश्येपुढे चारुदत्त. लहानपणापासून ऐकत आलेल्या मुलीसुद्धा इथे चमकतात. चारुदत्त म्हणजे ‘मृच्छकटिक’ नाटकातला ना? तो तर नायक, सद्गुणी, दानशूर. तो आपल्या पुराणात व्यसनाचे उदाहरण म्हणून कसा?

प्रश्न चांगला आहे. आणि त्याचे उत्तर शोधायला निघाले की चारुदत्तापेक्षा त्याच्याबरोबरच्या स्त्रीकडेच जास्त लक्ष जाते. तिचे नाव दोन्हीकडे एकच आहे, वसंतसेना. आपल्या नाटकांनी, कथांनी आणि सिनेमांनी वेश्येला कसे रंगवले याचा विचार करायला तिच्याइतकी चांगली सुरुवात दुसरी नाही. विषय घरातल्या लेखांत बसणारा नाही असे कुणाला वाटेल. पण मंदिरात बसून आपण तो ऐकतोच की.

आधी पुराणातली गोष्ट. आचार्य जिनसेनांचे हरिवंशपुराण शके 705 मध्ये, म्हणजे इसवी सन 783 मध्ये पूर्ण झाले. त्यात चारुदत्त हा चंपानगरीतल्या धनाढ्य वैश्याचा मुलगा आहे. शास्त्राभ्यासात इतका बुडालेला की लग्न होऊनही बायकोकडे, मित्रवतीकडे, लक्ष नाही. मग आईच काळजीत पडते आणि आपल्या नात्यातल्या रुद्रदत्ताला सांगते, याला जरा संसाराच्या सुखाची गोडी लाव. रुद्रदत्त त्याला नेतो तो थेट कलिंगसेना गणिकेच्या घरी. तिची मुलगी वसंतसेना. चारुदत्त तिथे बारा वर्षे राहतो. आई, वडील, बायको सगळ्यांचा विसर पडतो. सोळा कोटी दीनार संपतात. शेवटी मित्रवतीच्या अंगावरचे दागिने येऊ लागतात, तेव्हा कलिंगसेना समजते की या घरात आता काही उरलेले नाही आणि त्याला बाहेर काढते.

मी वाणिज्य शाखेची पदवीधर. सोळा कोटींचा आकडा आला की पेन्सिल हातात घ्यावीशी वाटते. पैसा पाठवला कुणी? घरच्यांनी. मुलाला त्या दारात नेले कुणी? घरच्याच माणसाने, आईच्या सांगण्यावरून. घेतला कुणी? कलिंगसेनेने. मग या सगळ्यात वसंतसेनेच्या नावावर काय मांडायचे? पुराणकारांनी याचे उत्तर दिले आहे आणि ते मला फार आवडते. चारुदत्त व्यापारासाठी देशोदेशी हिंडून, हालअपेष्टा सोसून, धन मिळवून परत येतो तेव्हा त्याला कळते की वसंतसेना केव्हाच आईचे घर सोडून आली आहे. आर्यिकेकडून तिने अणुव्रते घेतली आहेत आणि चारुदत्ताच्या आईपाशी राहून ती तिची सेवा करते आहे. चारुदत्त तिचा स्वीकार करतो.

म्हणजे तो गेल्यावर ती स्वतःच्या पायांनी आली. कुणी राजा नाही, कुणी उद्धार करणारा नाही. आणि सासूने दार उघडले. मित्रवतीला काय वाटले असेल ते मात्र पुराणात शोधू नका. त्या बिचारीचे दागिनेही गेले आणि शब्दही.

आता नाटक. शूद्रकाचे संस्कृत ‘मृच्छकटिक’ पुराणाहून जुने मानतात. गोविंद बल्लाळ देवलांनी 1890च्या आसपास ते मराठीत आणले आणि तेव्हापासून वसंतसेना मराठी घराघरांत पोहोचली. इथला चारुदत्त ब्राह्मण आहे. दान करून करून गरीब झालेला, व्यसनाने नव्हे. वसंतसेना त्याच्यावर मनापासून प्रेम करते. राजाचा मेहुणा शकार तिच्यामागे लागलेला असतो. तिला न्यायला गाडी आणि दहा हजार सोन्याच्या मोलाचे अलंकार पाठवतो, आईचाही निरोप येतो की जा, आणि ती साफ नाही म्हणते. चारुदत्ताच्या लहान मुलाला मातीची गाडी नको असते, सोन्याची हवी असते, तेव्हा ती अंगावरचे दागिने उतरवून त्याच्या गाडीत भरते. नाटकाचे नावच त्या मातीच्या गाडीवरून.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. वसंतसेना चांगली आहे हे नाटककाराने कशावरून सिद्ध केले? ती पैसे नाकारते यावरून. पैसे घेत नाही, उलट देते. तिच्या वाड्याला एकामागून एक आठ चौक आहेत, त्यांचे वर्णन करता करता विदूषक थकतो. ते चौक कोणत्या पैशांवर उभे राहिले, हे त्या वर्णनात येत नाही. पुराणातही तेच. वसंतसेना चांगली, कारण तिला पैशाचा मोह नाही. कलिंगसेना वाईट, कारण ती हिशेब ठेवते. आई आणि मुलगी अशी वाटणी केली की सगळे सोपे होते. प्रेम मुलीच्या वाट्याला, पैसा आईच्या.

एका बाबतीत मात्र नाटककार पुराणकारांहून उदार आहे. न्यायालयात चारुदत्तावर वसंतसेनेच्या खुनाचा आरोप येतो. तिची म्हातारी आई, जिची विदूषकाने आधी लठ्ठपणावरून यथेच्छ टिंगल केलेली असते, ती साक्षीला येते आणि म्हणते की माझी मुलगी गेली असेल तर गेली, याला तरी जगू द्या. ते वाचले की नाटकातल्या सगळ्या काव्यापेक्षा तेवढे एक वाक्य पुरेसे वाटते.

शेवटी वसंतसेना जिवंत निघते आणि नवा राजा तिला ‘वधू’ ही पदवी देतो. आता ती कुलस्त्री. पुराणातल्या वसंतसेनेला व्रताने जे मिळाले ते नाटकातल्या वसंतसेनेला राजाच्या हुकमाने मिळाले. पण दोघींचा शेवट एकाच उंबरठ्याच्या आत झाला. पुढची मराठी नाटके या उंबरठ्यापाशीच घुटमळत राहिली.

देवलांचेच ‘संशयकल्लोळ’ घ्या. बहुतेकांना ते विनोदी नाटक म्हणून आठवते आणि आहेही तसेच. मुळात मोलिएरचे फ्रेंच नाटक, त्यावरून आर्थर मर्फीने 1761 साली इंग्रजीत केलेले, आणि त्यावरून देवलांनी आधी गद्य व मग संगीत रूपात आणलेले. 1916 साली गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले आणि रेवतीचे काम बालगंधर्वांनी केले. मर्फीच्या नाटकातली नायिका एका सभ्य गृहस्थाची मुलगी आहे. देवलांनी तिची केली रेवती, मघा नायकिणीची मुलगी.

का केली असेल? मला वाटते त्यांच्यासमोर अडचण होती. लग्न न झालेली तरुण मुलगी, एकटी घराबाहेर पडते, परक्या पुरुषाशी बोलते, त्याला आपली तसबीर देते-घेते, रुसते, भांडते. त्या काळातल्या महाराष्ट्रातल्या कुठल्या घरात अशी मुलगी दाखवणार? आठव्या-दहाव्या वर्षी लग्ने होत होती. प्रेमात पडायला मोकळी अशी मुलगी फक्त नायकिणीच्या घरात सापडणार. म्हणजे कुलीन घरातल्या मुलींना जे स्वातंत्र्य नव्हते ते रंगमंचावर दाखवायला नाटककाराला नायकिणीची मुलगी उसनी घ्यावी लागली. मात्र उसनी घेताना अट घातली. रेवती नायकिणीच्या पोटी जन्मलेली असली तरी तिचे मन अश्विनशेठवरच आणि तिला लग्नच हवे. पैशाची आशा मघाला. पुन्हा तीच आई आणि तीच मुलगी.

आणि हे सगळे पुरुषांनी लिहिले, पुरुषांनीच लुगडी नेसून केले. ज्या घरांतून गाणाऱ्या स्त्रिया येत होत्या, त्या घरांतल्या स्त्रियांना त्याच मंडळींत भूमिका नव्हत्या. गिरगाव-ग्रँट रोड भागात गोव्याकडून आलेल्या कितीतरी कलावंतिणी राहत होत्या. मोगूबाई कुर्डीकर, केसरबाई केरकर यांच्यासारख्या थोर गायिका त्या समाजातून आल्या. गोमंतक मराठा समाज ही त्यांची संस्था मुंबईत उभी राहिली. 1934 साली मुंबई इलाख्यात देवदासी प्रतिबंधाचा कायदाही झाला. जयवंत दळवींच्या ‘महानंदा’ कादंबरीत या समाजातली नायिका आहे आणि शं. ना. नवऱ्यांनी त्यावर ‘गुंतता हृदय हे’ नाटक केले. माझ्या पिढीतल्या बायकांनी ते रडत पाहिले आहे. तिथेही महानंदेला हवे असते ते लग्नच.

आता जरा नाट्यगृहाच्या बाहेर येऊ. आमच्या घोडपदेवहून भायखळ्याचा पूल ओलांडला की नागपाडा आणि त्यापुढे कामाठीपुरा, फोरास रोड, फॉकलंड रोड. बसमध्ये बसले तर अर्धा तासही नको. तिथल्या ‘पिला हाऊस’ या नावाची गंमत सगळ्यांना ठाऊक नसते. ते ‘प्ले हाऊस’चे मराठी झालेले रूप. त्या भागात एकामागून एक नाटकगृहे होती. सांगलीच्या विष्णुदास भाव्यांनी 1853 मध्ये आपली नाटके दाखवली ती ग्रँट रोडच्याच नाट्यगृहात. फॉकलंड रोडला आज पठ्ठे बापूरावांचे नाव आहे, लावणी रचणारे मोठे शाहीर, ब्राह्मणाचे घर सोडून पवळेबरोबर तमाशात उभे राहिलेले. म्हणजे गणिकेची गोष्ट सांगणारी घरे आणि तो धंदा चालणारी घरे एकाच वस्तीत होती.

घोडपदेव, लालबाग, परळच्या चाळींतून गिरणी आणि गोदीत काम करणारे हजारो पुरुष एकटे राहत. बायका-मुले कोकणात नाहीतर घाटावर. खोलीत पाळीपाळीने झोपायचे, खानावळीत जेवायचे, वर्षातून एकदा गावी जायचे. कामाठीपुऱ्याची भरभराट झाली त्यामागे ही व्यवस्थाही होती. गिरण्यांच्या नफ्याचा हिशेब लिहिताना हा खर्च कुणी धरला नाही.

रेवती रंगमंचावर आली त्याच्या दुसऱ्याच वर्षी, 1917 मध्ये, या भागातल्या डंकन रोडवर एका कुंटणखान्यात आकूताई नावाच्या स्त्रीचा छळ करून जीव घेण्यात आला. ती पळून जायचा प्रयत्न करत होती. खटला झाला, वर्तमानपत्रांत गाजला, शहरात आरडाओरडा झाला आणि पुढे 1923 मध्ये मुंबईत वेश्याव्यवसाय प्रतिबंधाचा कायदा आला. बालगंधर्वांच्या रेवतीसाठी लोक तिकिटाला रांगा लावत होते तेव्हा मैल-दोन मैलांवर हे घडत होते. यात देवलांचा काही दोष नाही, ते तर 1916 मध्येच गेले. पण आकूताईची गोष्ट नाटकात यायला मराठी रंगभूमीला जागाच नव्हती. तिला ना अश्विनशेठ होता, ना गाणे.

सिनेमाने थोडे धाडस केले. प्रभातचा ‘माणूस’ 1939 सालचा, व्ही. शांताराम यांनी केलेला. शाहू मोडक शिपाई गणपत झाले आणि शांता हुबळीकर मैना. गणपत तिच्यावर प्रेम करतो आणि तिला आपल्या आईकडे नेतो. आई साधी, देवभोळी, तिला मुलगी आवडतेही. पण मैनेचाच धीर सुटतो. आपण या घरात बसण्याच्या लायक नाही असे वाटून ती निघून जाते. पुढे तिच्या हातून छळणाऱ्या मामाचा खून होतो, ती जन्मठेप स्वीकारते आणि गणपतला म्हणते, तू जग.

पुराणातली सासू आणि इथली आई शेजारी ठेवून पाहा. दोघींचे दार उघडे आहे. आठव्या शतकातली वसंतसेना आत आली आणि राहिली. विसाव्या शतकातली मैना उंबरठ्यावरून परत गेली. शांताराम प्रामाणिक होते, त्यांनी 1939च्या समाजात जे झाले असते ते दाखवले, असे म्हणता येईल. तरीही मला ते टोचते. आत जाण्याची लायकी आपल्यात नाही, हा निवाडा तिच्याच तोंडून वदवला की बाकी सगळे सुटतात.

पैसे घेणारी, तरीही लेखकाने जिची बाजू सोडली नाही अशी स्त्री मराठीत आणली ती बाबुराव बागुलांनी. ते माटुंगा लेबर कॅम्पात वाढलेले. 1963 सालच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या संग्रहात त्यांची ‘वाटेवरची’ ही कथा आहे. तिचे मूल गावी आजारी असल्याचे कळते आणि गावी जायला भाड्याचे पैसे नसतात. ते मिळवायला तिला त्याच दिवशी रस्त्यावर उभे राहावे लागते. इथे ती दागिने कुणाच्या गाडीत भरत नाही. तिला रुपये हवे आहेत, मोजून हवे आहेत, आणि वाचताना आपणच तिच्याबरोबर मोजू लागतो. कलिंगसेनेचा सगळा दोष इथे नाहीसा होतो, कारण पैसा कशाला लागतो ते लेखकाने पहिल्यांदा सांगितले. कथा सोपी नाही, झोपताना वाचू नका.

‘गंगूबाई काठियावाडी’ 2022 मध्ये आला तेव्हा आमच्या इमारतीतल्या मुलींनी मला विचारले, आजी, पाहू का? पाहा म्हटले. त्यात ती पैसा हाताळते, भाषण करते, तेवढे नवे. कामाठीपुऱ्यातल्या रहिवाशांनी मात्र वस्तीची बदनामी होते म्हणून आक्षेप घेतला. तिथे शाळेत जाणारी मुले असतात, दुकाने असतात, देवळे असतात, आणि पत्ता सांगितला की स्थळे परत जातात. त्यांचेही खरे आहे.

आता जी सांगायची राहिली ती कोशा. तिची कथा मला आमच्या श्वेतांबर शेजारणीकडून कळली, भायखळ्याच्या मोतीशा मंदिरात आम्ही एकत्र गेलो होतो तेव्हा. पाटलीपुत्राची गणिका कोशा आणि नंद राजाच्या मंत्र्याचा मुलगा स्थूलभद्र. तो बारा वर्षे तिच्याकडे राहिला. वडील गेल्यावर त्याने दीक्षा घेतली आणि एका चातुर्मासात तो साधू म्हणून तिच्याच चित्रशाळेत राहिला. ढळला नाही. कोशा श्राविका झाली. त्याचे कौतुक ऐकून दुसरा एक साधू, जो सिंहाच्या गुहेपाशी चातुर्मास करून आला होता, हट्टाने कोशेकडे राहायला गेला आणि पहिल्याच भेटीत घसरला. तिने त्याला नेपाळहून रत्नकंबल आणायला सांगितले. तो खरोखर चालत गेला आणि घेऊन आला. तिने ते मौल्यवान कांबळे गटारात टाकले. तो ओरडला, एवढे मोलाचे चिखलात टाकलेस! ती म्हणाली, कांबळ्याचे दुःख करतोस, स्वतःच्या व्रताचे नाही?

साधूला मार्गावर आणणारी गणिका. आणि कोशा कुणाच्या घरची सून झाली नाही, मेली नाही, तुरुंगात गेली नाही. ती स्वतःच्या घरात, स्वतःच्या चित्रशाळेत राहिली. तिच्या व्रताची अटही कथाकारांनी लपवली नाही. राजाने पाठवलेला पुरुष सोडून इतरांचा त्याग, असे ते व्रत. राजाला नाही म्हणायची तिला मुभा नव्हती. तेवढी सूट देऊनही तिला श्राविकाच म्हटले गेले. आपल्या आचार्यांनी परिस्थिती आणि मन यांचे खाते वेगळे ठेवले. मराठी नाटककारांना वसंतसेना सापडली, पण कोशेवर कुणी मोठे नाटक केलेले माझ्या पाहण्यात नाही. उंबरठा न ओलांडणारी नायिका कदाचित तिकीटबारीला परवडली नसती.

माझे माहेर सांगली जिल्ह्यातले, त्यामुळे शेवटची गोष्ट जरा आपुलकीने सांगते. भावे सांगलीचे. देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे. त्याच सांगलीत 1992 पासून ‘संग्राम’ ही संस्था काम करते आणि 1996 मध्ये धंदा करणाऱ्या स्त्रियांनीच स्वतःची संघटना केली, ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’. नावात ‘वेश्या’ शब्द त्यांनी मुद्दाम ठेवला. या स्त्रियांनी सुषमा देशपांडे यांच्या साथीने एक नाटक बसवले आणि स्वतःच रंगमंचावर उभ्या राहिल्या. नाटकाचे नाव ‘माय मदर, द घरवाली, हर मालक, हिज वाइफ’. माझी आई, घरवाली, तिचा मालक, त्याची बायको. एका नावात चार माणसे आणि चौघांची एकमेकांशी नाती. पुराणातली कलिंगसेना त्यात आहे, चारुदत्तही आहे. आणि नावाच्या शेवटी का होईना, मित्रवतीलाही जागा मिळाली आहे.